टिक-टिक

बऱ्याच शनिवार-रविवारांनी लिहायला बसलोय. मधले दोन वीकेंड गावी, जळकोटला गेले आणि दोन्ही अक्षरशः एका नळीत गेले. नळी म्हणजे दीड-दोन विती लांब, अंगठ्याएवढी जाड, आतून पोकळ. तिचं नाव रॉकर शाफ्ट. एरवी आठवडाभर लोकांच्या पाइपलाइन दुरुस्त करतो, पण त्यातलं तेल कधी हाताला लागत नाही. या वेळी कोपरापर्यंत लागलं.

सुरुवात धाकट्या भावाच्या फोनने झाली. दिवाळी होऊन आठवडा झाला असेल.

"दादा, गाडीचं इंजिन गेलंय. पावसाळ्यापासून आवाज येलालाय. उदगीरचं एक गिऱ्हाईक आहे, भंगारात तीस हजार देतो म्हणतंय. अण्णांना तूच सांग, माझं ऐकत नाहीत."

"अण्णा काय म्हणतात?"

"म्हणतात, कसला आवाज? गाडी ठणठणीत आहे म्हणं!"

हे अगदी अण्णांसारखंच होतं, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही. ते विशेष होतं हे कळायला पुढे पाच दिवस आणि एक स्क्रू-ड्रायव्हर लागला.

गाडी म्हणजे अँबॅसिडर, मार्क फोर, १९८४ ची. अण्णांनी १९८९ मध्ये लातूरच्या एका डॉक्टरांकडून घेतली. आमचं जळकोटात बी-बियाणं आणि खतांचं दुकान. गाडी नावाला घरची, खरी दुकानाची आणि त्याहून खरी गल्लीची. डिकीत तुरीच्या बियाण्याच्या पिशव्या, मागच्या सीटवर उदगीरला निघालेली बाळंतीण आणि पुढे अण्णांच्या शेजारी तिचा नवरा, गुडघ्यावर पितळी डबा घेऊन, असं दृश्य मी कितीतरी वेळा पाहिलंय. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी अण्णा याच गाडीत भाकरी आणि पांघरुणं भरून गेले होते. परत आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, फक्त गाडी धुतली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. असो.

खरं तर महाराष्ट्राची गाडी म्हणायची ती प्रीमियर पद्मिनी. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये कंपनी काढली आणि गाडी बनायची कुर्ल्याला. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा पेपरवाल्यांनी भरभरून लिहिलं. पण अण्णांचं मत ठाम होतं की फियाट ही डांबरावरची गाडी. आमच्या काळ्या रानात, पावसाळ्यात, अँबॅसिडरच. (पावसाळ्यात आमच्या काळ्या रानात अँबॅसिडरही रुतायची, पण ते अण्णांना सांगायचं कुणी?)

भावाचं म्हणणं चुकीचं होतं असं नाही. गाडी वर्षाला चारशे-पाचशे किलोमीटर चालते. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी पुढे चालू ठेवायची फी २०२२ मध्ये पाच हजार रुपये झाली होती. त्यात अण्णा चौऱ्याहत्तरचे. मागच्या वर्षी एकदा उदगीर रोडवर मागून ट्रक हॉर्न वाजवत होता आणि अण्णा मधोमध निवांत चालले होते, हेही भावाने त्या फोनवर सांगितलं. मी म्हटलं, दुसऱ्यांनी हॉर्न वाजवला की बाजूला व्हायचं नाही हा त्यांचा जुना स्वभाव आहे. दोघंही हसलो.

शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सने लातूर, तिथून एसटीने उदगीर, मग जळकोट. घरी पोचलो, चहा व्हायच्या आत गाडी सुरू करून पाहिली. टिक-टिक-टिक-टिक. स्पष्ट, कोरडा, पत्र्यावर नखाने वाजवल्यासारखा.

इथे थोडं तांत्रिक. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी दोन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण मजा त्यातच आहे.

इंजिनचं खालचं काही गेलं असेल, म्हणजे बेअरिंग वगैरे, तर आवाज जड येतो, ठक-ठक, आणि चढावर लोड आला की वाढतो. आमचा आवाज हलका होता, वरून येत होता आणि इंजिनच्या निम्म्या वेगाने येत होता. निम्म्या वेगाने फिरते ती कॅमशाफ्ट. म्हणजे घोटाळा व्हॉल्व्हच्या बाजूला. अँबॅसिडरमध्ये सुरुवातीला साइड व्हॉल्व्हचं इंजिन होतं, त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, बाजूला उभे. रॉकरची भानगडच नाही. १९५९ मध्ये १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. कॅमशाफ्ट मात्र खालीच राहिली. मग खालच्या कॅमची हालचाल वर पोचवायला टॅपेट, त्यावर उभी पुशरॉड आणि तिच्या डोक्यावर रॉकर आर्म. रॉकर म्हणजे लहान मुलांचा सी-सॉ. एका टोकाला पुशरॉड वर ढकलते, दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं. असे आठ सी-सॉ एकाच नळीवर ओवलेले. ती आपली रॉकर शाफ्ट.

आता या नळीला तेल कसं मिळतं? सगळ्यात शेवटी. पंप सम्पमधून तेल उचलतो, ते फिल्टरमधून मुख्य गॅलरीत जातं, क्रँकची बेअरिंगं घेतात, कॅमची घेतात, आणि उरलंसुरलं एका बारीक भोकातून ब्लॉकमधून हेडमध्ये चढतं. शाफ्ट ज्या स्टँडवर बसते त्यातल्या एकाच स्टँडच्या पोटात भोक असतं, त्यातून तेल पोकळ शाफ्टमध्ये शिरतं. शाफ्टला प्रत्येक रॉकरखाली एक छोटं छिद्र. तिथून रॉकरच्या बुशला, बुशमधून पुढे टोकाला, आणि वाहून गेलेलं तेल पुशरॉडच्या भोकांमधून खाली टॅपेटवर. आमच्याकडे कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला ज्याचं रान असतं त्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. वर गाळ साचला की पहिलं पाणी त्याचं तुटतं.

वरचं झाकण काढून इंजिन मंद चालू ठेवलं. सगळं ठीक असेल तर मिनिटा-दोन मिनिटांत प्रत्येक रॉकरच्या बुडाशी तेल पाझरताना दिसतं. आमच्या आठपैकी पाच ठिकाणी दिसलं. मागचे तीन कोरडे, आणि त्यांच्याभोवती तपकिरी लाखेसारखा थर.

मी लगेच शहाणपणा केला. हे इंजिन ज्या बीएमसी बी-सिरीजच्या कुळातलं आहे, त्याच कुळातलं १७९८ सीसीचं इंजिन इंग्रजांच्या एमजीबी स्पोर्ट्स कारमध्ये होतं. १९६२ ते १९८० पर्यंत त्या गाड्या बनल्या, त्यामुळे यावर जगभर भरपूर लिहिलेलं आहे. जुन्या इंजिनांसाठी एक ठरलेला उपाय बऱ्याच ठिकाणी सांगतात: ऑइल प्रेशरच्या जागेवरून बाहेरून एक बारीक नळी काढायची आणि सरळ वर रॉकरला जोडायची. आतला रस्ता तुंबला ना, मग बायपास काढा! मला हे इतकं आवडलं की रात्री बसमध्येच डोक्यात चित्र तयार होतं. ऑफिसात आम्ही यालाच हॉटफिक्स म्हणतो आणि सोमवारी डेमोत दाखवतो.

उदगीरहून चाचा आले. चाचा अण्णांची गाडी तीस वर्षं बघतायत, वय सत्तरच्या आसपास, चष्म्याची एक काडी तारेची. माझी योजना त्यांनी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाले, "नक्को बेटा."

त्यांचं म्हणणं असं होतं. वर तेल पोचवणं सोपं आहे, मोजून पोचवणं कठीण. बाहेरून नळी काढली की वर तेलाचा पूर येतो. जुन्या इंजिनचे व्हॉल्व्ह गाइड झिजलेले, त्यातून ते तेल खाली जळायला जातं, गाडी धूर सोडते. शिवाय तेल काही नवीन तयार होत नाही. वर जास्त गेलं ते खालच्या बेअरिंगांच्या वाट्याचंच जातं. गरम इंजिनला, मंद चालीत, जुना पंप असताना हे महागात पडतं. "और शाफ्ट में कचरा है तो है. नली लगाके कचरा थोडीच जाता."

थोडक्यात, रूट कॉज शोधल्याशिवाय पॅच टाकू नका. सतरा वर्षं हेच वाक्य मी ज्युनिअर पोरांना सांगतोय :)

शाफ्ट काढायचं ठरलं. आणि मग ते झालं.

इंजिन बंद करण्याआधी चाचांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक एका स्टँडच्या नटावर ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. हा मेकॅनिकचा स्टेथोस्कोप. मला हे लहानपणी अण्णांनीच शिकवलंय. आख्ख्या जळकोटात गाडीच्या आवाजावरून दुखणं सांगण्यात अण्णांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी कोपऱ्यावर असतानाच घरातून म्हणायचे, "तिसरा प्लग मिस करलालाय." चाचांनी दोन-तीन जागी ऐकलं आणि सवयीने स्क्रू-ड्रायव्हर अण्णांच्या हातात दिला. "शेठ, सुनो जरा."

अण्णा बराच वेळ बोनेटच्या कडेला हात टेकून उभे होते, चेहऱ्यावर 'तुमचं चालू द्या' असा भाव. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. मूठ कानामागे दाबली. आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला, नुसतं ऐकलं. पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. असं तीन वेळा.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हा आवाज तुला असाच येतो? काही न लावता?"

मी हो म्हटलं. मी गाडीपासून पाच फुटांवर होतो. खोटं बोलायला हवं होतं की काय, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"पावसाळ्यापासून?" त्यांनी भावाला विचारलं. त्याने मान हलवली. अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर चाचांच्या हातात ठेवला आणि "चहा सांगतो" म्हणून आत गेले. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी इंजिन बंद केलं, आणि त्या शांततेत आम्ही दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहिलो.

वयानुसार ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या, बारीक पट्टीतल्या आवाजांपासून. इंजिनची घरघर खालच्या पट्टीतली, ती येत राहते. टॅपेटची टिक-टिक जाते. म्हणजे अण्णा हट्ट करत नव्हते. त्यांच्या लेखी गाडी गेल्या काही वर्षांत उलट जास्त गुळगुळीत चालायला लागली होती. आणि मग मला एकेक आठवायला लागलं. फोनवर "रेंज नाही" म्हणणं, टीव्हीचा आवाज, आई बोलली की "हं" म्हणून विषय बदलणं. तो ट्रकचा हॉर्न. आम्ही ज्यावर हसलो होतो तो.

चहा आला, तो आईने आणला.

कामाकडे वळतो. शाफ्ट काढणं अवघड नाही, पण एक गोष्ट लक्षात ठेवायची: स्टँडचे काही नट म्हणजेच हेडचेही नट असतात. त्यामुळे क्रमाने, थोडं थोडं सैल करायचं आणि आधी रेडिएटरचं पाणी काढायचं, नाहीतर हेड गॅस्केटमधून पाणी आत जातं. आम्ही बाहेर काढून पाहिलं तर दोन गोष्टी सापडल्या. एक, शाफ्ट फिरू नये म्हणून स्टँडमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो जागेवर नव्हता. कधीतरी कुणीतरी हेडचं काम करताना लावायचा राहिला. त्यामुळे शाफ्ट हळूहळू थोडी फिरली होती आणि भोकांपुढे भोकं नीट येत नव्हती. हे काम कुणी केलं ते चाचा सांगेनात. दोन, शाफ्टच्या टोकाचं आट्याचं बूच काढलं (साफसफाईसाठीच ते तिथे असतं) आणि आतून जे निघालं ते तेल नव्हतं. ते काजळाच्या डबीतलं काजळ होतं. रॉकेल, सायकलचा स्पोक, चिंधी, पुन्हा रॉकेल. दोन तास.

शाफ्ट बोटाने चाचपली तर वरून गुळगुळीत आणि खालून प्रत्येक रॉकरच्या जागी पायरी. नख अडकेल एवढी. आधी मला उलटं वाटलं, वजन तर वरून येणार ना? चाचांनी हसून पेन्सिल घेऊन दाखवलं. एका टोकाला पुशरॉड वर ढकलते, दुसऱ्या टोकाला व्हॉल्व्हची स्प्रिंग वर ढकलते, म्हणजे रॉकर मधोमध शाफ्टला खालूनच रेटतो. झीज खालून. इंजिनिअरिंगला मेकॅनिक्सच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हे मी त्या क्षणी कुणाला सांगितलं नाही.

पण गाळ झाला कशाने? तेल तर अण्णा वेळेवर बदलतात. त्यांची वही आहे, १९८९ पासूनची. तारीख, किलोमीटर, काय केलं. दर तीन हजार किलोमीटरला तेल, एकदाही चुकलेलं नाही. शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची. मी वही दोनदा वाचली. नियम बरोबर, हिशेब बरोबर, फक्त गाडीचं चालणं कमी झालं होतं. वर्षाला पाचशे किलोमीटर, तेही शेतापर्यंत जाऊन परत. इंजिन पूर्ण गरम होत नाही, आत धरलेला ओलावा उडून जात नाही, पेट्रोलचा अंश तेलात राहतो, आणि ते तेल वर्षानुवर्षं तिथेच. किलोमीटर भरले नाहीत तरी तेल म्हातारं होतंच.

पुढच्या शनिवारी मी पुण्यातून नाना पेठेतून नवी शाफ्ट, आठ बुश आणि गॅस्केट घेऊन गेलो. बुश उदगीरच्या लेथवर दाबून रीम करून आणले. एक गोष्ट या कामात हमखास राहते म्हणून सांगतो: नवा बुश आख्खा येतो. तो दाबला की रॉकरच्या अंगातल्या भोकाचा रस्ता बंद होतो, तो ड्रिलने पुन्हा उघडावा लागतो. आमच्या आठातला एक तसाच आला होता. मी प्रत्येक भोकात सुई घालून बघत होतो म्हणून सापडला. नाहीतर सगळं नवं टाकून एक रॉकर जन्मभर उपाशी राहिला असता. युनिट टेस्टिंगला नावं ठेवणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

तेल कुठलं, हा प्रश्न मला दुकानातल्या मुलाने विचारायच्या आधी मीच त्याला विचारला. २०डब्ल्यू-५०, खनिज तेल. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम दर्जापासून पातळ ग्रेडच्या तेलांत फॉस्फरसवरची मर्यादा आणखी कडक झाली, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. पण जुन्या इंजिनातल्या घासणाऱ्या टॅपेटना वाचवतो तोच झिंक-फॉस्फरसचा मसाला. २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती मर्यादा लागू नाही. आमच्या गाडीला कन्व्हर्टर ठाऊकच नाही, त्यामुळे निवड सोपी. 'फ्लश' म्हणून ताकदीचं काही घालायचा मोह मात्र चाचांनी मोडून काढला. सहा वर्षांचा गाळ एकदम सुटला तर जाऊन बसेल कुठे? साधं तेल, हजार किलोमीटर नाहीतर सहा महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा बदल, मग पुन्हा एकदा. हळूहळू धुतलं जाईल.

रविवारी सकाळी सगळं बसवलं. या वेळी तो छोटा स्क्रू अण्णांनी स्वतः लावला. टॅपेट सेट करताना चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलायला लागले की पहिल्याचे दोन सेट करायचे, असं जोडीजोडीने. अण्णा हँडल फिरवत होते, मी फिलर गेज धरून. गाडी सुरू केली. झाकण उघडंच ठेवलं होतं. एक, दोन, तीन... मी मोजत होतो. आठव्या रॉकरच्या बुडाशी तेल चकाकायला दीड मिनिट लागलं असेल. भावाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. मग तोच म्हणाला, उदगीरच्या माणसाला नाही म्हणून कळवतो.

अण्णांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. पहिल्या स्टँडपासून शेवटच्यापर्यंत, एकेक करत, डोळे मिटून ऐकलं. शेवटच्यावर जरा जास्तच वेळ थांबले.

"नाही आता," म्हणाले.

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी वही काढली. तारीख, किलोमीटर, शाफ्ट, बुश, तेल. मग पट्टी घेऊन पानावर शेवटी एक नवीन उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'महिने'. मी उदगीरच्या कानाच्या डॉक्टरांची मंगळवारची वेळ घेतली होती, ते कसं सांगावं या विचारात होतो. मंगळवारपर्यंत किल्ली माझ्या खिशात राहणार, हे तर त्याहून अवघड. ते आधी सांगितलं. अण्णा काही बोलले नाहीत, पण किल्ली काढून वहीवर ठेवली.

वही मिटता मिटता त्यांनी विचारलं, "त्या कानातल्या मशीनचा सेल किती दिवस जातो रे?"